शास्त्र कंठीं कसें आलें

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग नांदेड आणि मुदखेड मागें टाकून उमरी, धर्माबाद या स्थानकांवरून बासरकडे जातो. गाडींतून पाहणारास काळी जमीन, बाभळी आणि मधूनच डोकावणारी गोदावरी याहून विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु धर्मग्रंथ माणसाच्या अंगीं कसा मुरतो, याचा विचार करणारास एवढा टापू पुष्कळ कांहीं शिकवितो. आपल्यामागें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथ हाच गुरु, असें गुरु गोविंदसिंगांनीं नांदेड येथें इ. स. १७०८ मध्यें ठरवून दिलें अशी शीख समाजाची श्रद्धा आहे. तो ग्रंथ विषयवार किंवा कथाक्रमानें लाविलेला नसून रागांच्या क्रमानें लाविलेला आहे. म्हणजे त्याचीं प्रकरणेंच मुळीं रागांचीं. त्यांत आमच्या नामदेवाचीं ६१ पदें आहेत, आणि नामदेवाचें म्हणून मानलेलें नरसी गांव येथून फार दूर नाहीं. उमरीलगत गोरटे येथें दासगणू महाराजांच्या नांवाची संस्था आहे. हे दासगणू इ. स. १८६८ मध्यें नगर जिल्ह्यांत अकोळनेर येथें जन्मले, पोलीस खात्यांतील नोकरी सोडून कीर्तनास उभे राहिले आणि इ. स. १९६२ पर्यंत जगले. पुढें बासरास सरस्वतीचें देऊळ आहे. तेथें मुलांना पहिलीं अक्षरें गिरवावयास नेण्याचा प्रघात आहे. ग्रंथ गाणारें नांदेड, ग्रंथ कीर्तनांत सांगणारें गोरटे, आणि ग्रंथ वाचावयास शिकविणारें बासर, अशीं हीं तीन ठिकाणें एकाच मार्गावर आहेत.

या प्रदेशांत शतकानुशतकें बहुतेक लोकांस शास्त्र मिळालें तें डोळ्यांनीं नव्हे, कानांनीं. ज्ञानेश्वरी घरोघर होती असें आपण अभिमानानें म्हणतों, पण ती वाचणारे घरोघर नव्हते. ओवी म्हणणारे मात्र होते. अशा देशांत एकोणिसाव्या शतकांत छापखाना, पाठशाळा आणि बांधीव पुस्तक घेऊन ख्रिस्ती मिशनरी आले. त्यांचा धर्म तर पुस्तकाचा धर्म म्हणूनच प्रसिद्ध. प्रत्येकानें पवित्र शास्त्र स्वतः उघडून वाचावें हा प्रॉटेस्टंट पंथाचा पहिला आग्रह. आणि ज्यांस तें वाचावयाचें ते लोक कोण? इ. स. १९०१ च्या खानेसुमारींत साऱ्या हिंदुस्थानांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास भरलें. निजामाच्या राज्यांत तें त्याहूनहि कमी. आणि गांवकुसाबाहेरच्या वस्तींत तर अक्षरशत्रु नसेल असा माणूस शोधावा लागे. मग हें शास्त्र त्या वस्तींत पोंचलें कसें? गाण्यानें पोंचलें, असें याचें थोडक्यांत उत्तर आहे. पण तें गाणें तयार होण्यास किती काळ लागला, त्यांत किती चुकीच्या वाटा धरल्या गेल्या आणि शेवटीं कोणी काय दिलें, ही कथा मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत जितक्या विस्तारानें यावयास पाहिजे तितकी येत नाहीं, म्हणून ती येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करूं. शास्त्र आणि गीत यांचें सख्य ख्रिस्ती धर्मांत मागाहून जुळविलेलें नाहीं. बायबलच्या मध्यभागीं दीडशें गीतांचें एक पुस्तकच आहे. मराठी बायबलांत त्यास स्तोत्रसंहिता म्हणतात. यांतील कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर मुख्य गवयास सूचना दिलेल्या आहेत, वाद्यें सांगितलीं आहेत, क्वचित् कोणत्या चालीवर म्हणावें हेंहि लिहिलें आहे. नाटकाच्या पुस्तकांत पदावर राग-ताल लिहावा तसाच हा प्रकार. शुभवर्तमानकार सांगतात कीं, शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. त्या रात्रीं तो पकडला गेला. पौल आणि सीला फिलिप्पै येथील तुरुंगांत पायांत खोडा असतां मध्यरात्रीं गात होते, आणि इतर बंदिवान ऐकत होते, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. कलस्सै येथील मंडळीस लिहितांना तर पौलानें ख्रिस्ताचें वचन अंतःकरणांत भरपूर वसूं देण्याचा उपदेश आणि स्तोत्रें-गीतें गाण्याचा उपदेश एकाच वाक्यांत गोंविला आहे. वचन वसावयाचें तर गावें, असा त्याचा रोख दिसतो.

तथापि या सख्यांत एक खटकाहि पहिल्यापासून आहे. इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टिन यानें आपल्या आत्मवृत्तांत एक मोठी प्रांजळ शंका लिहून ठेविली आहे. गाण्यानें मन भक्तीकडे वळतें हें त्यास मान्य. पण गायिलेल्या अर्थापेक्षां सुरानेंच आपण अधिक हेलावतों असें ज्या ज्या वेळीं त्याच्या ध्यानांत येई, त्या त्या वेळीं आपल्या हातून पाप घडलें असें त्यास वाटे. ही शंका पुढें हजार-अकराशें वर्षांनीं पुनः उठली. लूथरनें इ. स. १५२४ मध्यें लोकभाषेंतील गीतांचें पुस्तक काढून सबंध मंडळीस गावयास लाविलें; कॅल्व्हिनच्या जिनीव्हांत मात्र माणसानें रचलेलीं गीतें नकोत, शास्त्रांतील स्तोत्रेंच पद्यांत बसवून गावीं, असा कडक नेम झाला, आणि इ. स. १५६२ पर्यंत दीडशेंच्या दीडशें स्तोत्रें तेथें फ्रेंच पद्यांत उतरलीं. इंग्लंडांत आयझॅक वॉट्स यानें इ. स. १७०७ मध्यें स्वतःचीं गीतें छापून ही गांठ सैल केली. स्कॉटलंडच्या मंडळींत ती पुढेंहि दीर्घकाळ घट्टच राहिली. आपल्याकडे जे मिशनरी आले ते यांपैकीं कोणत्या ना कोणत्या घरांतून आलेले होते, हें लक्षांत ठेवावें.

पण त्यांच्याहि आधीं दोनशें वर्षें हा प्रश्न मराठींत एकानें सोडविला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. साष्टींत त्यानें आपलें उरलेलें आयुष्य घालविलें आणि इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें ख्रिस्तपुराण छापविलें. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांस जुनीं पुराणें वर्ज्य झालीं होतीं. त्यांच्या जागीं कांहींच नव्हतें. संध्याकाळीं चार माणसें एकत्र बसलीं तर ऐकावें काय, ही उणीव त्या लोकांनीं बोलून दाखविली आणि त्यांतून हा ग्रंथ झाला. जुन्या करारापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांत सुमारें अकरा हजार ओव्यांत आहे.

येथें एक बारकावा पाहण्यासारखा आहे. स्टीफन्सनें धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरावली लिहिली ती कोंकणींत. त्याच्या मृत्यूनंतर इ. स. १६२२ मध्यें ती छापली गेली. कथा मात्र त्यानें मराठींत, कोंकणी वळणाच्या मराठींत, ओवीबद्ध केली. घरीं बोलण्याची भाषा एक आणि पुराणाची भाषा दुसरी, हें त्या लोकांच्या अंगवळणीं पडलें होतें. पुराण म्हटलें कीं कानास मराठी ओवी हवी. स्टीफन्सनें हें ओळखिलें. तो ओवीचा चौथा चरण आंखूड ठेवितो, यमक पहिल्या तीन चरणांत साधितो, मराठी भाषेचें गुणगान रत्नांच्या आणि फुलांच्या उपमांनीं करितो आणि उगाच भाषांतराचा वास येऊं देत नाहीं. एका इंग्रजानें हें साधावें याचें आश्चर्य सर्वच करितात. आम्हांस त्याहून आश्चर्य याचें वाटतें कीं, शास्त्राचा बहुतेक सर्व कथाभाग, अगदीं उत्पत्तीपासून, त्यानें गावयास दिला. पुढच्या काळांतील गीतकारांनीं शास्त्रांतून वेंचे काढिले. यानें सबंध पोथी दिली. त्याच्या पाठोपाठ एतियन द ला क्रॉय या फ्रेंच जेझुइटानें संत पीटरचें पुराण अशाच ओव्यांत रचिलें.

या पुराणाचें पुढें काय झालें तेंहि बोधप्रद आहे. इ. स. १६४९ आणि १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. परंतु इ. स. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेचा व्यवहार बंद करून पोर्तुगीज चालविण्याचें फर्मान काढिलें. त्या छापील आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज मिळत नाहीं. तरी ग्रंथ बुडाला नाहीं. तो हस्तलिखितांत राहिला, आणि ज्यांनीं गोवा सोडून मंगळूरकडे आसरा घेतला त्यांच्या घरोघर म्हटला जात राहिला. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्दान्ह यांनीं इ. स. १९०७ मध्यें मंगळुरास तो पुनः रोमी लिपींत छापिला. लंडनच्या मार्सडेन संग्रहांत एक देवनागरी हस्तलिखित निघालें, त्याकडे जस्टिन ॲबट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत विद्वानांचें लक्ष वेधिलें. आणि देवनागरींत छापलेलें पुराण महाराष्ट्राच्या हातीं यावयास शांताराम बंडेलू यांच्या इ. स. १९५६ च्या आवृत्तीची वाट पहावी लागली. मराठी ग्रंथ मराठी लिपींत छापून यावयास ३४० वर्षें लागलीं!

आतां एकोणिसावें शतक. या शतकाच्या पहिल्या अर्धांत बायबलच्या मराठी भाषांतराचें काम झपाट्यानें झालें, पण गाण्याच्या दृष्टीनें तो काळ रुक्षच म्हणावा लागेल. विल्यम कॅरे यानें बंगाल्यांत श्रीरामपुरास बसून वैजनाथ पंडिताच्या साह्यानें नवा करार इ. स. १८११ मध्यें मराठींत आणिला. त्याची भाषा इकडच्या लोकांस परकी वाटे. इ. स. १८१३ मध्यें मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशननें नवें भाषांतर हातीं घेऊन इ. स. १८२६ मध्यें नवा करार छापिला. इ. स. १८३१ पासून अहमदनगर हें त्यांचें मोठें ठाणें झालें, इ. स. १८४२ मध्यें तेथेंच ज्ञानोदय निघाला. हीं सारीं गद्याचीं कामें होत. उपासनेंत गावयाचें काय, तर पाश्चात्य चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें. अहमदनगरच्या हेन्री बॅलंटाइन यांनीं अशीं पुष्कळ गीतें मराठींत उतरविलीं, आणि त्यांच्या श्रमांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु श्रम कितीहि केले तरी एक अडचण सुटण्यासारखी नव्हती. इंग्रजी पद्य आघातावर चालतें. मराठी पद्य लघुगुरूंवर किंवा अक्षरसंख्येवर. इंग्रजी चाल ज्या ठिकाणीं जोर मागते तेथें मराठी शब्दाचें ऱ्हस्व अक्षर आलें कीं तें ताणावें लागतें, आणि दीर्घ अक्षर आलें तर गिळावें लागतें. मग ‘प्रभु’चा ‘प्रभू’ होऊन तो चार मात्रा लांबतो, आणि ‘तारणारा’ बिचारा दोन मात्रांत गुदमरतो. गाणारास अर्थ ठाऊक असेल तरच तो अर्थ ऐकूं येई. अशीं गीतें शाळेंत वाढलेल्या मुलांनीं पाठ केलीं, प्रेमानें म्हटलीं, आणि त्यांपैकीं कांहीं आजहि म्हटलीं जातात. पण जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडीं तीं सहसा गेलीं नसावींत.

वाद्यांची गोष्ट याहून गमतीची. पॅरिसच्या दबें यानें इ. स. १८४२ मध्यें पेटंट घेतलेला हार्मोनियम मिशनऱ्यांच्या आणि साहेबांच्या सामानांतून या देशांत आला, कलकत्त्यास त्याची हातानें वाजविण्याची पेटी झाली, आणि पाहतां पाहतां ती हरिदासांच्या मागें जाऊन बसली. आज उमरीच्या बाजूस सप्ताहांत पेटीवांचून भजनाची कल्पना कोणास करवत नाहीं. इकडे देवळांतून टाळ-मृदंग घेऊन प्रार्थनामंदिरांत यावयास मात्र देशी ख्रिस्ती लोकांस मोठें धारिष्ट करावें लागलें. कारण टाळ म्हणजे मूर्तिपूजेची खूण, अशी समजूत कित्येक नवख्रिस्त्यांचीहि होती. परक्यांनीं सोंवळें पाळिलें नसेल इतकें कधीं कधीं घरचे पाळितात.

हें धारिष्ट ज्यांनीं केलें त्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव आधीं घेतलें पाहिजे. अहमदनगरच्या या गीतकारानें देशी चालींत ख्रिस्ती पदें रचिलीं आणि कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेवर चढविला. कीर्तनाची रचना आमच्या वाचकांस ठाऊकच आहे: पूर्वरंगांत एखादें वचन घेऊन त्याचें निरूपण, उत्तररंगांत त्यास अनुसरून आख्यान. शास्त्र शिकविण्यास याहून सोयीचें साधन कोणतें? वचन शास्त्रांतलें घ्यावें, आख्यान उधळ्या पुत्राचें लावावें. बाप, दोन मुलगे, वाटणी, परमुलुखांत उधळपट्टी, दुष्काळ, डुकरें राखण्याची पाळी आणि शेवटीं घरची वाट, ही गोष्ट जणूं आख्यानासाठींच सांगितलेली आहे. ऐकणारास वाचतां येत नसलें तरी घरीं जातांना धृपद तोंडांत येतें, आणि धृपदांत वचन असतें. सांगळे इ. स. १९०८ मध्यें वारले. त्यांचें नांव आज ख्रिस्ती समाजाबाहेर फारसें कोणी घेत नाहीं, हें मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांस भूषणावह नाहीं.

नारायण वामन टिळकांविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. फुलामुलांचे कवि म्हणून शाळकरी मुलांसहि ते ठाऊक आहेत. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांव येथें झाला. इ. स. १८९३ मध्यें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नव्या कराराची प्रत दिली. ती वाचावयाची खरी, पण पेन्सिलीनें खुणा करीत, असें ठरवून ते बसले, आणि मत्तयाच्या पांचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं त्यांची पेन्सिल थबकली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक ख्रिस्ताकडे आले ते वाचून आले, गाणें ऐकून नव्हे, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ज्यास पुस्तकानें जिंकिलें त्यानेंच पुढें पुस्तक गाण्यांत ओतण्यास जन्म वाहिला.

टिळकांच्या आधींहि देशी चालीचीं पदें होतीं. मग टिळकांनीं नवें काय केलें? त्यांनीं अभंग आणिला, आणि अभंगाबरोबर अभंगाचा मीपणा आणिला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, अशा अर्थाचें ते बोलत. तुकारामाचा अभंग कथा सांगत नाहीं. तो देवाशीं भांडतो, रडतो, रुसतो, लाडिकपणें बोलतो. तें बोलणें टिळकांनीं ख्रिस्ताशीं आरंभिलें. ख्रिस्तास आई म्हणण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं, कारण विठोबास माउली म्हणणाऱ्या भाषेंत ते वाढले होते. भाषांतरित गीतांत ‘आम्हीं’ काय मानावें हें असे. टिळकांच्या अभंगांत ‘मला’ काय झालें हें आहे. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहांत त्यांच्या रचनांचा मोठा हिस्सा आहे, आणि ज्या घरीं त्यांचें नांव ठाऊक नाहीं त्या घरींहि त्या म्हटल्या जातात.

मात्र ऑगस्टिनची जुनी शंका येथें निराळ्या वेषानें उभी राहते. टिळकांच्या भजनांत शास्त्र किती आणि टिळक किती? कराराचा कोश, वंशावळी, लेवीयाचे विधि, संदेष्ट्यांचे शाप, पौलाचा सूक्ष्म वाद, हें सारें भजनांत येत नाहीं. येतें तें ख्रिस्ताचें प्रेम, त्याचें दुःख, त्याच्याशीं एक होण्याची ओढ. गायिलेलें शास्त्र हें छापलेल्या शास्त्राहून लहान असतें, यांत संशय नाहीं. शिवाय भक्तीच्या भरांत ख्रिस्ती आणि वारकरी यांतील सीमा पुसट होते, अशी तक्रारहि झाली. आम्हांस ही तक्रार अगदींच पोकळ वाटत नाहीं. पण तिचें उत्तर टिळकांनींच कृतीनें दिलें आहे. इ. स. १९०९ च्या सुमारास त्यांनीं ख्रिस्तायन आरंभिलें. अभंग पुरत नाहीं, कथा पाहिजे, आणि कथा म्हटली कीं ओवी पाहिजे, हें स्टीफन्सनें तीन शतकांपूर्वीं ओळखिलेलें सत्य त्यांसहि उमगलें असावें. सुमारें दहा अध्याय झाले, आणि तें काम मागें पडलें. इ. स. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची चाकरी सोडिली, साताऱ्यास देवाचा दरबार नांवाची मंडळी उभी केली, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसहि तिचीं दारें खुलीं ठेविलीं. आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते निवर्तले.

ख्रिस्तायन पुरें केलें तें लक्ष्मीबाईंनीं. लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती, पति ख्रिस्ती झाला तेव्हां त्या दुःखानें वेड्या झाल्या होत्या, इ. स. १९०० मध्यें त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रें ज्यांनीं वाचिलीं आहेत त्यांस हें सांगावयास नको. पण स्मृतिचित्रांच्या झगझगाटांत एक गोष्ट झांकली जाते: याच बाईनें नवऱ्याच्या दहा अध्यायांवर चौसष्ट अध्याय चढविले. ज्या स्त्रीला विशींच्या आसपास अक्षरें लावून वाचण्याचे कष्ट पडत होते तिनें येशूचें सारें चरित्र ओवींत बांधिलें. तिला छंदःशास्त्र कोणी शिकविलें? कोणीहि नाहीं. ओव्या, आरत्या आणि कहाण्या तिच्या कानांत लहानपणापासून होत्या. शास्त्र पुस्तकांतून आलें, पण तें ज्या भांड्यांत ओतलें गेलें तें भांडें आजीकडचें होतें. काव्य म्हणून ख्रिस्तायनाची इयत्ता स्मृतिचित्रांच्या खालची आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तें ऐकावयासाठीं केलेलें आहे, आणि ऐकूनच त्याची परीक्षा करावी.

पंडिता रमाबाईंनीं याच प्रश्नास उलट बाजूनें हात घातला. त्यांचें बाळपण तीर्थक्षेत्रीं पुराण सांगण्यांत गेलें. आई-बाप आणि मुलें देवळांच्या ओवरींत बसून संस्कृत पोथ्या वाचीत, लोक अर्थ न कळतांहि पुण्य म्हणून ऐकत आणि दक्षिणा ठेवीत. भागवत त्यांस तोंडपाठ होतें. अर्थावांचून ऐकलेलें शास्त्र म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें कोणास कळणार? म्हणून केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर स्वतः केलें, आणि तें खेड्यांतील साध्या बाईला कळावें अशा शब्दांत केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, त्यापूर्वीं थोडेच दिवस तें पुरें झालें होतें. सदनांतील बायकांनींच खिळे जुळवून तें इ. स. १९२४ मध्यें छापून काढिलें. त्या भाषांतरावर विद्वानांनीं पुष्कळ आक्षेप घेतले आणि तें उपासनेंत सर्वत्र रूढ झालें नाहीं. टिळक वाचून आले आणि गाण्याकडे वळले. रमाबाई पठणांतून आल्या आणि वाचनाकडे वळल्या.

आतां पुनः मराठवाड्याकडे येऊं. येथें ख्रिस्ती धर्म आला तो मुख्यतः मांग आणि महार वस्त्यांत. जालन्यास नारायण शेषाद्रि यांनीं काम केलें. हे ब्राह्मण कुळांतले, इ. स. १८४३ मध्यें मुंबईस ख्रिस्ती झालेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक. सालारजंगाच्या कारकीर्दींत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांव वसविलें. बेथेल म्हणजे देवाचें घर. हें नांव निवडतांना शेषाद्रींच्या मनांत काय असेल याचा तर्क कठीण नाहीं. ज्यांस गांवच्या देवळाची पायरी चढतां येत नव्हती त्यांच्या वस्तीला देवाचें घर असें नांव! इ. स. १८९१ मध्यें शेषाद्रि वारले. औरंगाबादेकडे चर्च मिशनरी सोसायटीचे रत्नजी नौरोजी हे पारशी कुळांतले पाळक खपत होते. एक ब्राह्मण, एक पारशी, आणि ऐकणारे मांग-महार: अशी ही विलक्षण सभा निजामाच्या मुलुखांत भरली होती.

या सभेंत गाण्याचें मोल काय होतें, हें समजण्यास एक जुनी गोष्ट आठवावी. गांवचें वाजप मांगांकडे असे. लग्न असो, मिरवणूक असो, हलगी आणि सनई त्यांची; पण मिरवणूक देवळाशीं पोंचली कीं वाजविणारा बाहेर. चोखोबा चौदाव्या शतकांत पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभा राहिला. तें देऊळ अस्पृश्यांस खुलें व्हावयास इ. स. १९४७ मध्यें साने गुरुजींस उपोषण करावें लागलें. ताल ज्यांचा, शास्त्र त्यांचें नाहीं, अशी ही व्यवस्था. ख्रिस्ती भजनानें या लोकांच्या हातीं त्यांचाच ताल ठेवून त्यांच्या तोंडीं शास्त्र दिलें. पुस्तक मिळालें असतें तरी तें पेटींत राहिलें असतें. गीत रात्रीं दिव्यावांचूनहि म्हणतां येतें. याचा अर्थ सर्व कांहीं सुरळीत झालें असा नव्हे. मंडळींतहि जुन्या जाती पुष्कळ दिवस टिकल्या, आणि भजन एकत्र म्हणणारे जेवावयास निराळे बसत, असेंहि घडे. तरीहि ‘तुला हें ऐकण्याचा अधिकार नाहीं’ असें त्या भजनाच्या वेळीं कोणी कोणास म्हणूं शकत नव्हतें, आणि ज्ञानदेवांनीं गीता मराठींत आणिली ती याच अधिकारासाठीं.

नांदेड जिल्ह्यांत आज ख्रिस्ती वस्ती अगदीं थोडी आहे. इ. स. १९७० मध्यें उत्तर हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें, तेव्हां अमेरिकन, स्कॉच आणि इंग्रज हे जुने भेद कागदावर तरी मिटले. गीतांत ते बरेच आधीं मिटले होते. उपासना संगीत या नांवाचा संग्रह मराठी मंडळ्यांत सर्वत्र चालतो, आणि त्यांत सांगळे, टिळक आणि भाषांतरित गीतें शेजारीं शेजारीं बसतात. रोमन कॅथलिकांकडेहि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे इ. स. १९६५ च्या पुढें, मिस्सा लॅटिन सोडून मराठींत आली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलास इ. स. २०१३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीस विरोध करणारीं पत्रें आणि धमक्या त्या वेळीं आल्या. तरी संमेलन झालें. मराठवाड्यानें त्यांचें स्वागत केलें. इ. स. २०२४ मध्यें तेहि गेले.

एक काम मात्र तांतडीचें आहे, आणि तें कोणी हातीं घेईल तर बरें. भजनांच्या पुस्तकांत शब्द छापलेले असतात; चालीच्या जागीं बहुधा एखाद्या जुन्या पदाचें किंवा रागाचें नांव असतें. तें जुनें पद आतां कोणास ठाऊक नसतें. जालना, औरंगाबाद, नगर येथील चाली एकमेकींपासून भिन्न आहेत, आणि त्यांतल्या ओव्यांसारख्या संथ चाली म्हातारीं माणसेंच म्हणतात. तरुणांस विद्युत्-वाद्यांवरचीं नवीं गीतें आवडतात. मंगळूरकरांनीं ख्रिस्तपुराण म्हणत ठेविलें म्हणून साल्दान्हांस तें लिहून घेतां आलें. सांगळ्यांच्या पदांच्या मूळ चाली लिहून घेण्यास आज ध्वनिमुद्रणाचें यंत्र ज्याच्या त्याच्या खिशांत आहे. गरज आहे ती गांवोगांव जाऊन त्या म्हाताऱ्यांच्या शेजारीं बसणाऱ्याची.